काकूंचे पाय आणि अधिकृत भाषांतर

मसुदेकाकांनी ठरवलं होतं ते एवढंच, की भाषांतर करणाऱ्या बाईंना आपण थोडा हातभार लावायचा. त्यात वाईट काय होतं, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

मसुदेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या पाणी खात्यात सगळी पत्रं त्यांच्या हाताखालून जायची, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. त्यांच्या मसुद्याचा दरारा असा, की नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेला माणूस त्यांचं उत्तर वाचून, पाणी आलं असं समजून घरी जायचा. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नव्हता. दूधवाल्यासाठी दाराला अडकवलेल्या चिठ्ठीतसुद्धा वर 'विषय: उद्या दूध नको असल्याबाबत' असं असायचं. (दूधवाला ती चिठ्ठी पूर्ण वाचायचा नाही आणि दूध ठेवून जायचा.)

यावेळी विषय मात्र गंभीर होता. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, त्यात रक्तदाब वर गेलेला. पलंगावरून उठायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलेलं. जावई बोटीवर इंजिनियर, आणि बोट भर समुद्रात. बसमधून उतरतात तसं बोटीतून मध्येच उतरता येत नाही. मुलगी रोज फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायची. पण ती ते इतक्या वेळा म्हणायला लागली, की काकूंनी एके दिवशी फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून बॅगा खाली काढल्या.

व्हिसासाठी सगळे कागद जमले. अडलं ते एकाच ठिकाणी. साठी ओलांडलेल्या माणसांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा तब्येतीचा अहवाल जोडायचा, आणि तो इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर, सही-शिक्क्यासकट. आता त्यांचे डॉक्टर म्हणजे गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेले म्हातारे गृहस्थ. आजार ज्याचा, कागद त्यालाच वाचता आला पाहिजे, या मताचे. त्यामुळे ते सगळं आपल्या भाषेत लिहायचे, आणि रोगी जसं बोलेल तसंच लिहायचे. एवढा एक अहवाल इंग्रजीत द्या म्हणून मसुदेकाकांनी गळ घातली, तर डॉक्टर म्हणाले, तुमच्या घशाशी मी इतकी वर्षं याच भाषेत बोलतोय, आता उतारवयात त्याला परकं कशाला वाटू देऊ.

झालं. मसुदेकाकांनी दोन्ही अहवाल घरी आणले, जाड शब्दकोश काढला आणि बाह्या सरसावल्या. बाई अधिकृत असल्या तरी त्यांच्यापुढे कच्चा मसुदा ठेवला तर त्यांना नुसता शिक्काच मारायचा राहील, असा हिशेब.

सरकारी माणसाने पदरचं काही घालायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. शब्दाला शब्द. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मागच्या उन्हाळ्यात डोळे आले होते.' मसुदेकाकांच्या इंग्रजीत सदर रुग्णाचे दोन्ही नेत्र गतवर्षी उन्हाळ्यात आगमन पावले. 'घसा बसला' याचं, घशाने आसन ग्रहण केलं असं झालं. 'पाठ धरली' इथे ते बराच वेळ अडले, कारण कोणी धरली हे डॉक्टरांनी लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी 'अज्ञात व्यक्तीकडून' असं घालून वाक्य पूर्ण केलं. (तत्त्वाला मुरड घातली ती तेवढीच.)

काकूंना त्यांनी हे सगळं अर्थासकट वाचून दाखवलं. काकू भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, की हे वाचून तिकडचे लोक तुम्हाला व्हिसा देणार नाहीत, पण बघायला मात्र येतील.

भाषांतर करणाऱ्या बाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना लोखंडी, खोलीत शाईचा आणि गरम कागदाचा वास, भिंतभर शब्दकोश आणि टेबलावर कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. त्या पेटीत शिक्का. बाई बुटक्या, टापटिपीच्या, आणि आपल्या कामावर मनापासून जीव असलेल्या. त्यांनी मसुदेकाकांचा कच्चा मसुदा शेवटपर्यंत वाचला. वाचताना मध्येच खिडकीकडे तोंड करून त्या जरा खोकल्या. मग तो कागद अदबीने परत देऊन म्हणाल्या, की मी मुळावरूनच करीन. आपली भाषा अशी आहे, त्या म्हणाल्या, की शब्द एकीकडे असतात आणि अर्थ दुसरीकडे बसलेला असतो. भाषांतर करणाऱ्याने शब्दाच्या दारावर थांबायचं नसतं, आत जाऊन अर्थाला बाहेर आणायचं असतं.

मसुदेकाका भारावून गेले. आपण जन्मभर दारावरच थांबलो, हे त्यांना एकदम पटलं. बाईंनी त्यांच्यादेखत डोळे, घसा, पाठ ही सगळी मंडळी चुटकीसरशी मार्गी लावली. मग काकूंचा अहवाल घेतला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'पाय भारी आहेत. सकाळी मळमळ. चालताना दम लागतो. जड उचलू नये, विश्रांती घ्यावी.'

बाई थबकल्या. त्यांनी वरचं वय पाहिलं, पुन्हा खालची ओळ पाहिली.

"काकूंचे पाय भारी आहेत, हे बरोबर आहे ना?"

"हो तर," मसुदेकाका म्हणाले. "जिना चढताना तर विचारू नका."

"या वयात?"

"वयामुळेच हो."

"डॉक्टरांची हरकत नाही प्रवासाला?"

"ते म्हणाले, सांभाळून जा."

"आणि मुलीला माहीत आहे?"

"तिला कशाला सांगायचं? तिचंच तिला होईना झालंय. तिथे गेल्यावर दिसेलच तिला."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आजकाल विज्ञान कुठल्या कुठे गेलंय, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मसुदेकाकांनी मान डोलावली, कारण विज्ञान कुठल्या कुठे गेलंय याबद्दल त्यांचंही दुमत नव्हतं. मग बाई शब्दाच्या दारातून आत गेल्या आणि अर्थाला बाहेर घेऊन आल्या. बाईमाणसाचे पाय भारी असले की आपल्या भाषेत त्याचा एकच अर्थ होतो, तो त्यांनी स्वच्छ इंग्रजीत मांडला, खाली सही केली आणि पेटीतून शिक्का काढून असा मारला, की टेबलावरची पेन्सिल घरंगळली.

भाषांतर लिफाफ्यात बंद करूनच द्यायचं, असा तिकडचा नियम होता. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मसुदेकाकांनी न वाचलेला कागद पुढे पाठवला.

काही दिवसांनी व्हिसा कार्यालयातून फोन आला तेव्हा काकू अंघोळीला गेल्या होत्या. पलीकडून एक तरुण बाई अगदी नम्रपणे बोलत होती. अर्जासंबंधी थोडी माहिती हवी होती, म्हणाली. मसुदेकाका ताठ बसले. अर्जासंबंधी माहिती देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"बाळंतपण कुठे करायचं ठरलंय?"

"तिकडेच. हॉस्पिटलात नाव घातलंय. म्हणून तर निघालो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"परत कधी येणार?"

"बाळ मान धरू लागलं की."

"बाळाला घेऊन?"

"छे, बाळ तिथेच राहणार. त्याला तिथलंच नागरिकत्व मिळेल ना."

टाइप करणं थांबलं. मग तिने विचारलं, "बाळाचे वडील तिथे सोबत असतील?"

"नाही, ते बोटीवर असतात. महिनोन्महिने तोंड दिसत नाही."

मग ती जपून म्हणाली, "आणि आपली याला काही हरकत नाही?"

"माझी कसली हरकत? माणूस सोन्यासारखा आहे. आम्ही दोघांनी मिळूनच तर पसंत केला."

यावर ती बाई फक्त एवढंच म्हणाली, की आपण फार मोठ्या मनाचे आहात, आणि तिने फोन ठेवला. काकू केस पुसत बाहेर आल्या तेव्हा मसुदेकाका खोलीत येरझाऱ्या घालत होते. काम फत्ते, म्हणाले. अधिकारीबाईंनी जाता जाता माझ्या स्वभावाचं कौतुकसुद्धा केलं. काकूंना तिथेच शंका आली होती. त्यांच्या स्वभावाचं कौतुक आजवर कोणी फोनवर केलेलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. नेहमीप्रमाणे स्पीकर लावून दोघं सोफ्यावर बसले. मुलगी आज "सगळं ठीक आहे" म्हणाली नाही. एकदम म्हणाली, "आई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"मला भावंड होणार आहे का?"

काकूंना वाटलं, लाइन खराब आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मुलीने पुन्हा सांगितलं. व्हिसा कार्यालयाने तिला, घरी बोलावणारी म्हणून, मेल पाठवली होती. अर्जदार गर्भवती असून प्रसूतीसाठी येत आहे व अपत्य इथेच ठेवून जाणार आहे, असं दिसतं. आपल्या घरी दोन नवजात बाळांची सोय आहे का, असं त्यात विचारलं होतं. मुलगी वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटची ओळ वाचावी की नाही, असा तिला प्रश्न पडला होता. पण तिने वाचली. बाळाचे वडील नौकेवर नोकरीस असून अर्जदाराच्या पतीची त्यास संमती आहे.

काकूंनी मान वळवून मसुदेकाकांकडे पाहिलं. मसुदेकाका समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "एवढं सगळं ठरवलंत, तर मला निदान आधी कळवायचं."

फोनमधून मुलीचं हसू फुटलं. कितीतरी आठवड्यांनी ती अशी हसत होती, पोट दुखतंय म्हणत होती आणि हसत होती. आणि मग हसता हसताच ती रडायला लागली. अर्ज आता अडकणार का, असं तिने विचारलं. मला रात्री एकटीला भीती वाटते गं, म्हणाली. "तू येशील ना, आई?"

"येणार," काकू म्हणाल्या. "पोहत यावं लागलं तरी येणार."

दुसऱ्या दिवशी पत्र आलंच: अर्ज स्थगित, दोघांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा. मसुदेकाकांनी आयुष्यात हजारो लोकांकडे खुलासे मागितले होते. खुलासा द्यायचा म्हटल्यावर पहिलं वाक्य कसं सुचत नाही, हे त्यांना आता समजलं. त्यांनी रागाने सांगितलं, की चूक त्या बाईंची आहे. काकूंनी विचारलं, की 'वयामुळेच' असं कोण म्हणालं. त्यावर ते चपला घालून, काकूंना घेऊन डॉक्टरांकडे निघाले.

डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकली आणि स्टेथोस्कोप बाजूला ठेवून मनसोक्त हसून घेतलं. मग काकूंचे पाय तपासले. सूज होती ती रक्तदाबाच्या गोळीमुळे. त्यांनी गोळी बदलून दिली आणि नवा दाखला लिहायला घेतला: 'पायांना सूज येते, त्यामुळे ते जड वाटतात. प्रवासाला धोका नाही. रुग्णेला दिवस गेलेले नाहीत.' इथवर ठीक होतं. पण डॉक्टरांची लेखणी एकदा सुटली की आवरत नसे. पुढे त्यांनी लिहिलं, 'या वयात आमचे सगळ्यांचेच दिवस गेले.'

मसुदेकाका खुर्चीतून उठलेच. त्यांच्या डोळ्यांसमोर अर्थ शब्दाच्या दारातून बाहेर येताना स्पष्ट दिसला: काकू सुटल्या, पण आता डॉक्टर, मसुदेकाका आणि दवाखान्याबाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट गर्भवती. त्यांनी हात जोडून ती ओळ खोडायला लावली. डॉक्टर कुरकुरले, वाक्य छान जमलं होतं म्हणाले, पण त्यांनी कागद फाडून पुन्हा लिहिला. सबंध प्रकरणात मसुदेकाकांच्या हातून सरळ झालेलं काम ते हे एक. त्याचा उल्लेख ते अजून अधूनमधून करतात.

लोखंडी जिना चढून तिघं वर गेले. (डॉक्टर नाही, तिसऱ्या म्हणजे शेजारच्या वहिनी. काकूंना हाताला धरायला म्हणून आल्या होत्या, पण खरं तर मजा बघायला.) बाईंनी डॉक्टरांचा दाखला वाचला, काकूंच्या केसांकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, आणि त्या खुर्चीत बसल्या त्या उठेनातच. इतक्या वर्षांत एक शिक्का चुकला नव्हता, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मसुदेकाका रागावायचं ठरवून आले होते, पण तो चेहरा पाहून त्यांनीच पाण्याचा ग्लास पुढे केला. काकू म्हणाल्या, बाई, हे घरात मला विचारत नाहीत, तिथे तुम्हाला सरळ सांगणार कुठून. तेव्हा कुठे बाई हसल्या. त्यांनी नवं भाषांतर केलं आणि यावेळी 'पाय' म्हणजे पायच ठेवले. शिक्का मारला तो अगदी हळू. मग म्हणाल्या, शिक्का माझा आहे, तेव्हा मीही येते तुमच्याबरोबर.

व्हिसा कार्यालयात काचेपलीकडे तीच तरुण बाई होती. मसुदेकाकांचा आवाज ऐकताच तिने वर पाहिलं आणि चेहऱ्यावर एक प्रकारची सहानुभूती आली. ते खिशातून खुलासा काढू लागले, तीन परिशिष्टांसकट. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग त्यांनी चप्पल काढली, पाऊल बाकाच्या कडेवर ठेवलं आणि घोट्याजवळ अंगठ्याने दाबलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हे आमचं भारीपण. बाकी काही नाही."

अधिकारीबाई काचेपलीकडे उभी राहून वाकून बघू लागली. भाषांतराच्या बाईंनी पुढे होऊन वाक्प्रचार काय, शब्द काय आणि आपली चूक कुठे झाली, ते न लपवता सांगितलं. ती तरुण बाई ऐकत होती, ओठ घट्ट दाबून. मग तिने समोरचा कागद उलटला.

"आणि ते बोटीवरचे गृहस्थ?"

"जावई," काकू म्हणाल्या.

तिचे खांदे हलायला लागले. तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बराच वेळ फिरवूनच ठेवली. परत वळली तेव्हा डोळे पुसलेले होते. आता नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारायचा, म्हणाली, की आपण नक्की कशासाठी जाताय. काकूंनी क्षणभर विचार केला.

"पोरगी घाबरलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी माझी आई उशाशी बसली होती. दुसरं काही तिने केलं नाही, पण बसली होती."

त्या बाईने यावर काही टाइप केलं नाही. सही केली आणि कागद दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवला. बाहेर आल्यावर मसुदेकाका पायऱ्यांवरच बसले. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस हलका होतो म्हणतात. ते इतके हलके झाले, की त्यांनी भाषांतराच्या बाईंना, शेजारच्या वहिनींना आणि ओळखपाळख नसलेल्या दारवानाला चहा पाजला. काकूंनी मुलीला फोन लावला. पलीकडून आला तो नुसता एक मोठा श्वास, आणि काकू तो ऐकत रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभ्या राहिल्या.

पासपोर्ट घरी आले. काकूंच्या व्हिसावर 'मुलीच्या भेटीसाठी' अशा अर्थाचं काहीतरी होतं. मसुदेकाकांनी आपला उघडला, वाचला, मिटला, आणि पुन्हा उघडला. त्यांच्या व्हिसावर कारणाच्या जागी लिहिलं होतं: 'पत्नीवर अवलंबून.' यावर हरकत घेणारं पत्र लिहायला त्यांनी कागदही पुढे ओढला होता, पण काकूंनी दोन्ही पासपोर्ट उचलून आपल्या पर्समध्ये टाकले आणि चेन ओढली. लागेल तेव्हा मागा, म्हणाल्या.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने मसुदेकाकांकडे पासपोर्ट मागितला. त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. मुलीने पासपोर्ट उघडून व्हिसा वाचला, मग मसुदेकाकांकडे एक प्रेमळ नजर टाकली आणि त्यांच्या डोक्यावरून काकूंना विचारलं, "यांना खिडकीजवळ बसवू का? बाहेर बघत बसतील."

"बसवा," काकू म्हणाल्या. "तेवढेच गप्प राहतील."

आणि खरं सांगायचं तर, राहिले.